नव्याचे नऊ दिवस ओलांडताना: बैठे काम करणाऱ्यांसाठी व्यायामाचे पहिले बारा आठवडे

व्यायाम सुरू करून सोडून देणारे लोक आळशी असतात, असा सर्वसाधारण समज आहे. मला तो पटत नाही. बरेच जण थांबतात ते दुखण्यामुळे, आणि ते दुखणे पहिल्या आठवड्यातल्या अतिउत्साहातून आलेले असते. वर्षानुवर्षे खुर्चीत बसून काम केलेला माणूस एके दिवशी मनाशी ठरवतो, दुसऱ्या दिवशी पहाटे तासभर झपाझप चालतो, तिसऱ्या दिवशी थोडे धावूनही पाहतो आणि दहाव्या-बाराव्या दिवशी त्याचा गुडघा धरतो किंवा टाच ठणकू लागते. मग चार दिवस विश्रांती घ्यावी लागते, त्या चाराचे चौदा दिवस होतात आणि व्यायाम राहून जातो तो राहूनच जातो.

असे होण्यामागे शरीराचा एक साधा नियम आहे. हृदय आणि फुप्फुसे नव्या श्रमांना काही आठवड्यांतच सरावू लागतात. स्नायूंना त्याहून अधिक वेळ लागतो. आणि स्नायूंना हाडांशी बांधणाऱ्या कंडरांना तर कित्येक महिने लागतात, कारण त्यांना होणारा रक्तपुरवठा स्नायूंच्या मानाने बराच कमी असतो. त्यामुळे दम लागेनासा झाला म्हणून आपण वेग वाढवतो, पण टाचेमागची कंडरा तेवढ्यासाठी अजून तयार झालेली नसते. या लेखातली बारा आठवड्यांची आखणी याच एका गोष्टीभोवती केलेली आहे: सुरुवात आपल्या कुवतीच्या बरीच खालून करावी, आणि दम काय सांगतो त्यापेक्षा सांधे काय सांगतात याकडे अधिक लक्ष द्यावे.

सुरू करण्यापूर्वी

निरोगी माणसाला सावकाश चालायला सुरुवात करण्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नसते. मात्र ज्यांना हृदयविकार आहे किंवा होऊन गेला आहे, ज्यांचा रक्तदाब औषधे घेऊनही आटोक्यात नाही, ज्यांच्या छातीत श्रमाने दाटून येते किंवा ज्यांना थोड्याशा श्रमाने चक्कर येते, त्यांनी आधी डॉक्टरांना भेटावे आणि आपण नेमके काय करणार आहोत ते त्यांना सांगावे. नुसते ‘व्यायाम करू का’ असे विचारले तर उत्तरही तितकेच मोघम मिळते. ‘रोज दहा मिनिटे चालण्यापासून सुरुवात करून तीन महिन्यांत तीस मिनिटांपर्यंत जाणार आहे, शिवाय खुर्चीवरून उठबस करणार आहे’ असे सांगितले तर डॉक्टरांनाही नेमका सल्ला देता येतो. गरोदर स्त्रिया आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेले लोक यांनीही हेच करावे.

मधुमेह असलेल्यांनी दोन गोष्टी जास्त पाहाव्यात. इन्शुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या घेत असताना व्यायामामुळे रक्तातली साखर प्रमाणाबाहेर उतरू शकते, आणि ती व्यायामानंतर काही तासांनीही उतरू शकते. म्हणून आपले औषध त्या प्रकारचे आहे का, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे आणि चालायला जाताना खिशात साखर किंवा गोड गोळ्या ठेवाव्यात. दुसरी गोष्ट पायांची. मधुमेहात पायांची संवेदना कमी झालेली असू शकते आणि बूट चावल्याचे कळत नाही. रोज चालून आल्यावर तळवे आणि बोटांच्या बेचक्या डोळ्यांनी तपासाव्यात.

तीन मोजमापे, एक वही

पहिल्या दिवशी व्यायाम करू नये. त्या दिवशी फक्त मोजावे. वजन मुद्दामच या यादीत घेतलेले नाही. पहिल्या तीन महिन्यांत वजनाचा काटा फारसा हलत नाही, आणि तोच एक आकडा समोर ठेवणारा माणूस विनाकारण खचतो.

पहिले मोजमाप विश्रांतीच्या वेळच्या नाडीचे. सकाळी उठल्यावर पाच मिनिटे शांत बसावे, मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दुसऱ्या हाताची दोन बोटे हलकेच ठेवावीत आणि तीस सेकंदांतले ठोके मोजून त्यांची दुप्पट करावी. मोजण्यासाठी अंगठा वापरू नये, कारण अंगठ्याला स्वतःचे ठोके जाणवतात आणि मोजणी चुकते. प्रौढ व्यक्तीची नाडी साधारण मिनिटाला 60 ते 100 असते. नियमित चालण्याने काही महिन्यांत ती थोडी खाली येते.

दुसरे मोजमाप उठबशीचे. हात नसलेली सरळ पाठीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी, हात छातीवर एकमेकांवर ठेवावेत आणि तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसता येते ते मोजावे. ही चाचणी ज्येष्ठांची ताकद तपासण्यासाठी जगभर वापरली जाते. साठ ते चौसष्ट या वयात स्त्रियांना बारापेक्षा आणि पुरुषांना चौदापेक्षा कमी वेळा उठता आले, तर पायांची ताकद सरासरीहून कमी समजतात. तिशी-चाळिशीतल्या माणसाचा आकडा याच्या आसपास आला, तर व्यायामाची गरज किती आहे ते वेगळे सांगायला नको.

तिसरे मोजमाप तोलाचे. हाताशी भिंत किंवा टेबल असेल अशा ठिकाणी एका पायावर दहा सेकंद उभे राहून पाहावे, मग दुसऱ्या पायावर. दोन्ही पायांत फरक असेल तर तोही लिहून ठेवावा.

हे तिन्ही आकडे तारखेसह वहीच्या पहिल्या पानावर लिहावेत. मोबाइलमध्ये नोंद ठेवली तरी चालेल, पण वही टेबलावर उघडी पडलेली दिसते, आणि ती डोळ्यांसमोर असण्याचाच खरा उपयोग असतो.

पहिले दोन आठवडे: फक्त दहा मिनिटे

रोज दहा मिनिटे चालावे, आठवड्यातून पाच-सहा दिवस. याहून जास्त चालवत असेल तरी चालू नये. हे सांगणे विचित्र वाटेल, पण या पंधरवड्यात कमवायची आहे ती ठरलेल्या वेळी बाहेर पडण्याची सवय. ताकद नंतर येणार आहे. वेळ निवडताना आधीपासून रोज होणारी एखादी गोष्ट धरावी. ‘सकाळी चालेन’ असे ठरवलेले बहुधा टळते. ‘दात घासून झाले की बूट घालेन’ असे ठरवलेले टिकते. जेवणानंतर थोड्या वेळाने सावकाश चालणे ज्यांना सोयीचे असेल त्यांनी ती वेळ जरूर धरावी, कारण जेवणानंतर रक्तातली साखर जेवढी चढते, ती अशा चालण्याने कमी चढते.

पहिली दोन-तीन मिनिटे रमतगमत, मधली सहा मिनिटे थोडा जोर लावून आणि शेवटची पुन्हा हळू, असे चालावे. मान वर, नजर काही पावले पुढे, खांदे सैल आणि हात कोपरात किंचित वाकलेले. पाऊल लांब टाकून वेग वाढवण्याची चूक अनेक जण करतात. लांब पावलात टाच शरीराच्या खूप पुढे आपटते आणि तो धक्का गुडघ्यापर्यंत जातो. वेग वाढवायचा तर पावले आखूड ठेवून भरभर टाकावीत.

बुटाबद्दल एकच सांगतो. दुकानात तो संध्याकाळी घालून पाहावा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात, आणि उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरते का ते तपासावे. किंमत आणि नाव हे मुद्दे त्यानंतरचे.

तिसरा ते सहावा आठवडा: वेग कसा ओळखावा

आता दर आठवड्याला चालण्याची वेळ साधारण तीन ते पाच मिनिटांनी वाढवावी, म्हणजे सहाव्या आठवड्याच्या अखेरीस पंचवीस मिनिटांच्या आसपास पोहोचता येते. एखाद्या आठवड्यात अंग जड वाटले तर तोच आठवडा पुन्हा करावा. त्याला मागे पडणे समजू नये.

वेग मोजण्यासाठी यंत्र लागत नाही. चालताना आपल्याला पूर्ण वाक्ये बोलता यावीत पण गाणे म्हणता येऊ नये, हा मध्यम श्रमाचा वेग. गाता येत असेल तर आपण फेरफटका मारत आहोत. तीन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर जास्त जोर लावत आहोत. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या काही औषधांमुळे नाडी पुरेशी वाढत नाही, त्यामुळे अशांनी घड्याळावर दिसणाऱ्या ठोक्यांपेक्षा या बोलण्याच्या कसोटीवर विसंबावे. ज्यांना आकडाच हवा त्यांच्यासाठी, मिनिटाला सुमारे 100 पावले हा बहुतेक प्रौढांचा मध्यम वेग ठरतो.

पावलांचा विषय निघालाच आहे तर ‘रोज दहा हजार पावले’ या आकड्याबद्दल लिहायला हवे, कारण त्याने अनेकांना उगीच नाउमेद केले आहे. हा आकडा वैद्यकीय संशोधनातून निघालेला नाही. 1965 च्या सुमारास जपानमध्ये पावले मोजणारे एक उपकरण विक्रीला आले, त्याच्या जपानी नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचे मोजयंत्र’ असा होता आणि तेथून हा आकडा जगभर पसरला. आकडा वाईट नाही, पण आज तीन हजार पावले चालणाऱ्याने पाच हजार गाठली तर त्याच्या तब्येतीला त्याचा खरा लाभ होतो. दहा हजार होत नाहीत म्हणून पाच हजारही सोडून देणे हे मोठे नुकसान आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाचा किंवा 75 ते 150 मिनिटे जोरकस श्रमाचा व्यायाम करावा. पूर्वी एका वेळी किमान दहा मिनिटे व्यायाम व्हावा अशी अट होती, ती या सूचनांत काढून टाकली आहे. म्हणजे पाच मिनिटे जिने चढणे, सात मिनिटे पायी जाणे, हेही त्या बेरजेत धरायचे. बारा आठवड्यांअखेर आपल्याला 150 च्या आकड्याजवळ जायचे आहे, त्यापुढे घाई नाही.

ताकदीचा व्यायाम: जो बहुतेक जण टाळतात

त्याच सूचनांत आठवड्यातून किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगितला आहे, आणि नेमका हाच भाग वगळला जातो. ‘मी रोज चालतो’ म्हणणाऱ्याला आपण सगळे केले असे वाटते. पण चालण्याने हृदयाला जेवढा फायदा होतो तेवढा मांड्यांच्या, पाठीच्या आणि खांद्यांच्या स्नायूंना होत नाही, आणि चाळिशीनंतर स्नायू हळूहळू घटत जातात. ही घट वर्षानुवर्षे दिसत नाही. मग एक दिवस लक्षात येते की खुर्चीतून उठताना हात आपोआप खुर्चीच्या हातावर गेला. उठण्याआधी अंग पुढे झुकले, तळहाताने रेटा दिला, क्षणभर थांबून मग कंबर सरळ झाली. एवढ्या लहानशा हालचालीत कित्येक वर्षांत गेलेली ताकद दिसते. म्हणून मी सुरुवात याच हालचालीपासून करायला सांगतो.

तिसऱ्या आठवड्यापासून आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून, पंधरा मिनिटे यासाठी काढावीत. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. पुढच्या निम्म्या भागावर बसावे, पावले खांद्यांएवढ्या अंतरावर आणि गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यावीत. नाक पायांच्या बोटांच्या वर येईल इतके धड पुढे न्यावे, मग टाचांनी जमीन खाली दाबत उठावे. उठताना गुडघे आत, एकमेकांकडे, वळतात का ते पाहावे; वळत असतील तर ते मुद्दाम बाहेर, दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवावेत. उठताना श्वास सोडावा. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो, आणि ही चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. खरे काम बसताना होते: मनात चार अंक मोजत हळूहळू खाली यावे, धपकन बसू नये. असे आठ वेळा, मग दोन मिनिटे विश्रांती, मग पुन्हा आठ वेळा. सुरुवातीला हातांचा आधार लागला तर घ्यावा आणि आठवड्यागणिक तो कमी करावा. बारा वेळा सहज जमू लागले की हातात पाण्याची भरलेली बाटली धरावी.

दुसरा व्यायाम भिंतीवरचे जोर. भिंतीपासून हातभर लांब उभे राहून तळहात छातीच्या उंचीवर टेकवावेत, डोक्यापासून टाचेपर्यंत शरीर एका रेषेत ठेवून कोपरे वाकवावीत आणि परत यावे. सोपे वाटू लागले की भिंतीऐवजी भक्कम टेबलाची कड, आणि त्यानंतर कितीतरी पुढे, जमीन. तिसरा, टाचा उचलणे: खुर्चीची पाठ धरून दोन्ही चवड्यांवर उभे राहावे, क्षणभर थांबावे आणि सावकाश खाली यावे. पोटऱ्या आणि टाचेमागच्या कंडरा यांसाठी यासारखा सोपा व्यायाम नाही, आणि चालणे वाढवत असताना हाच व्यायाम टाचेचे दुखणे टाळायला मदत करतो. चौथा, उताणे झोपून गुडघे वाकवावेत आणि कंबर उचलावी. दिवसभर बसल्याने सुस्तावलेले नितंबांचे स्नायू याने जागे होतात. शेवटी एका पायावर उभे राहण्याचा सराव, प्रत्येक पायावर तीस सेकंदांपर्यंत. पासष्टीच्या पुढच्यांनी तोलाचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस करावेत, कारण त्या वयात पडणे हाच मोठा धोका असतो.

पहिल्या काही आठवड्यांत ताकद भराभर वाढल्यासारखी वाटेल. ती वाढ मुख्यतः मज्जासंस्थेची असते. मेंदू तेच स्नायू अधिक चांगले वापरायला शिकतो. स्नायू स्वतः भरायला त्यानंतर वेळ लागतो, म्हणून महिन्याभराने प्रगती मंदावली तर ते स्वाभाविक समजावे.

दुखणे कोणते सोसावे, कोणते नाही

नव्या व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्नायू अवघडतात, दाबले की दुखतात आणि जिना उतरताना जाणवतात. हे दुखणे दोन्ही बाजूंना सारखे असते, थोडे हिंडल्याफिरल्यावर हलके होते आणि तीन-चार दिवसांत जाते. ते सोसावे आणि हलके चालणे चालू ठेवावे.

सांध्यातले दुखणे वेगळे असते. ते एकाच बाजूला आणि बोट ठेवून दाखवता येईल अशा ठिकाणी असते, व्यायाम करता करता वाढत जाते किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी पहिले पाऊल टाकताना कळ काढते. असे झाले तर व्यायाम पूर्ण थांबवण्याऐवजी तो निम्म्यावर आणावा. एका आठवड्यात फरक पडला नाही, सांध्यावर सूज आली किंवा रात्री झोपेत दुखू लागले तर डॉक्टरांना दाखवावे. पोटरी एकाच पायाची सुजली, लाल झाली, गरम लागली तर वाट पाहत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. ती शिरेत रक्ताची गुठळी असू शकते.

आणि काही लक्षणांत एक मिनिटही दवडू नये. छातीत दाब किंवा आवळल्यासारखे वाटणे, ती कळ हातात, मानेत किंवा जबड्यात उतरणे, थंड घाम, श्वास न पुरणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, यांपैकी काहीही झाले तर जागच्या जागी बसावे, कोणालातरी हाक मारावी आणि रुग्णवाहिका बोलवावी. स्त्रियांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये छातीत न दुखता नुसता विलक्षण थकवा, मळमळ किंवा धाप एवढेच जाणवू शकते. ‘पित्त असेल’ म्हणून घरी जाऊन पडून राहणे अनेकांना महागात पडले आहे.

उरलेले तेवीस तास

अर्धा तास चालून उरलेला दिवस खुर्चीत घालवला तर चालण्याचा काही लाभ हातचा जातो. दर अर्ध्या-पाऊण तासाने उठून दोन मिनिटे हिंडावे. फोनवर बोलायचे असेल तर उभ्याने बोलावे. बसून काम आणि हृदय यांचा संबंध वैद्यकशास्त्राला प्रथम ठळकपणे दिसला तो लंडनच्या दुमजली बसमध्ये. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1953 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढ-उतार करणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला. ते वाहक व्यायाम म्हणून काहीच करत नव्हते. त्यांचे कामच तसे होते.

झोपेबाबत थोडक्यात: प्रौढाला सात तास तरी झोप हवी. झोप अपुरी झाली असेल त्या दिवशी ताकदीचा व्यायाम पुढे ढकलावा आणि फक्त चालावे.

खंड पडला तर

खंड पडणारच. ताप येईल, प्रवास घडेल, कामाचा बोजा वाढेल. ताप असताना किंवा छातीत कफ असताना व्यायाम करू नये. एक आठवडा चुकला असेल तर जेथे सोडले तेथून थोडे मागे यावे. तीन-चार आठवडे चुकले असतील तर वेळ निम्म्यावर आणावी आणि पूर्वीच्या पातळीवर यायला दोन-तीन आठवडे द्यावेत. खंडानंतर पहिल्याच दिवशी जुन्या आकड्यावर उडी मारणे म्हणजे पुन्हा तेच दुखणे ओढवून घेणे.

विश्रांतीने शरीर किती झपाट्याने उतरते आणि किती उशिरापर्यंत सावरू शकते, हे दाखवणारा एक प्रयोग अमेरिकेतल्या डॅलस येथे 1966 मध्ये झाला होता. विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवले, आणि तेवढ्यात त्यांची श्रम करण्याची क्षमता सुमारे चतुर्थांशाने घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा तीस वर्षांच्या वयाने झालेली घट त्या तीन आठवड्यांच्या घटीपेक्षाही कमी भरली. पुढे पन्नाशीतल्या त्या पाच जणांनी सहा महिने बेताचा, हळूहळू वाढवत नेलेला सराव केला आणि त्यांची क्षमता तरुणपणी प्रयोगाआधी होती तेथवर परत आली. उशीर झाला असे ज्यांना वाटते त्यांना मी हे आवर्जून सांगतो.

सातवा ते बारावा आठवडा

सातव्यापासून दहाव्या आठवड्यापर्यंत चालणे तीस मिनिटांवर आणून स्थिर ठेवावे आणि ताकदीचे दिवस दोनाचे तीन करावेत. अकराव्या-बाराव्या आठवड्यात, सांधे कुरकुरत नसतील तरच, तीस मिनिटांत मधूनमधून एकेक मिनिट जोरात चालावे आणि पुढची दोन मिनिटे हळू. चढ किंवा जिना असेल तर तो वापरावा; उतरताना कठडा धरावा. धावायचे असेल त्यांनी तो विचार बाराव्या आठवड्यानंतर करावा.

बारावा आठवडा संपला की सकाळी पुन्हा तीच खुर्ची त्याच भिंतीला टेकवावी आणि तिन्ही मोजमापे पहिल्या दिवसासारखीच घ्यावीत. खुर्ची बदलू नये, कारण दोन बोटे उंच खुर्चीवरून उठणे सोपे जाते आणि आकडा खोटा वाढतो. नवे आकडे जुन्यांच्या शेजारी लिहावेत. उठबशी वाढल्या पण नाडी उतरली नाही, तर चालण्याचे दिवस किंवा वेग कमी पडतो आहे असे समजून त्यात वाढ करावी. नाडी उतरली पण उठबशी तेवढ्याच राहिल्या, तर ताकदीचे दिवस चुकले आहेत का ते वहीत पाहावे, आणि चुकले नसतील तर हातातली बाटली अधिक जड घ्यावी.